उंबऱ्याबाहेरचं कुत्रं घरात येतं तेव्हा

ज्यांना एसटीत नेट मिळत नाही किंवा इयरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलतानाची अडखळ तेवढी काढलीय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे घाबरलेलं कुत्रं. इतिहासाच्या पॉडकास्टवर हे कुठून आलं, असं वाटेल. सांगतो. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल जो आदेश दिला, त्यात एक वाक्य फार लोकांनी नीट वाचलं नाही. ज्याला रस्त्यावरचं कुत्रं पाळायचंय, त्याने नगरपालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून मिळेल. पण एकदा घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर जाता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे ७ नोव्हेंबरला अजून एक आदेश आला: शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचलायची, नसबंदी आणि लसीकरण करायचं, आणि पुन्हा त्याच जागी सोडायची नाहीत. आता आपल्या गंगाखेडचा एसटी स्टँड आणि स्टेशन डोळ्यांसमोर आणा. तिथली कितीतरी कुत्री तिथंच जन्मली, तिथंच वाढली. त्यांतलं एखादं तुम्ही मोठ्या मनाने घरी आणलंत आणि ते बाजेखाली जाऊन बसलं, चार दिवस बाहेरच आलं नाही, तर? आणून सोडायची सोय आता राहिलेली नाही. म्हणून हे कुत्रं घाबरतं का, हे समजून घेणं आलं. आणि त्याचं उत्तर बरंचसं इतिहासात आहे.

सुरुवात आपल्याच नदीपासून करू. गोदावरीला वरच्या अंगाला प्रवरा येऊन मिळते. त्या प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ मध्ये तिथे जमिनीत चार धातूच्या मूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. रथाला दोन बैल जुंपलेत, मागे माणूस उभा आहे. आणि रथाच्या दांडीवर, बैल आणि माणूस यांच्या मधोमध, एक कुत्रं उभं आहे. या वस्तू साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. शाळेच्या पुस्तकात रथाचा फोटो असतो, पण कुत्र्याकडे कुणी बोट दाखवत नाही. मला मात्र ते कुत्रं फार आवडतं. माणसासोबत आहे, पण माणसाच्या मांडीवर नाही. हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर उभं आहे.

हे अंतर लक्षात ठेवा. गावगाड्यात कुत्र्याची जागा कायम तीच राहिली. ओट्याखाली, उकिरड्याजवळ, आखाड्यावर बैलांच्या बाजूला. घराच्या आत मांजर चालायचं, कुत्रं नाही. माझी आजी अजूनही कुत्र्याने उंबऱ्याच्या आत नाक घातलं की आधी ‘हाड’ म्हणते आणि मग भाकर आणायला आत जाते. दोन्ही गोष्टी ती एकाच श्वासात करते, आणि गावच्या कुत्र्याला दोन्हींचा अर्थ कळतो. भाकर ठरलेल्या वेळेला येणार. हात वर गेला की मागे सरायचं. पळायला चारी बाजू मोकळ्या. हजारो वर्षं कुत्र्याने माणसाशी असाच व्यवहार केला. आपण त्याला ‘बिनमालकाचं’ म्हणतो, पण मालक एक नसला तरी घरं पाच-सहा ठरलेली असायची.

मग असं कुत्रं दोन खोल्यांच्या घरात आणून दार लावलं की काय होतं? भाकर मिळते, पण अंतर जातं. आणि पळायची बाजूच राहत नाही. आपल्याला वाटतं आपण निवारा दिला. त्याच्या हिशोबाने तो सापळा आहे.

आता एक गोष्ट, आपल्या गावच्या लोकांना तोंडपाठ असलेली. जनाबाई आपल्या गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली. त्या नामदेवांची ती कथा, कुत्र्याने भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नको रे म्हणत. कीर्तनात ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, येऊ द्या. पण एकदा त्या कुत्र्याच्या जागी उभं राहून बघा. भाकर तोंडात आहे आणि एक माणूस ओरडत मागे पळतोय! ते जीव घेऊनच पळणार. कथेत ते थांबलं, कारण कथेत तो विठ्ठल होता. आपल्या घरचं कुत्रं विठ्ठल असेलही, पण मागे धावलात तर थांबणार नाही. वाटी ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं.

बरं, कुत्र्याला माणसाची भीती वाटते ती काही उगीच नाही. इथे थोडं मुंबईला जावं लागेल. इंग्रजांनी १८१३ पासून उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारायचा नियम केला होता, मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस. बक्षीस आलं की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. लोक गल्लीतलीच काय, अंगणातली कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. १८३२ च्या जूनमध्ये पारशी समाज चिडला. फोर्टमध्ये दुकानं बंद, शिपायांना मारहाण, लष्कराकडे जाणारं अन्नसामान अडवलं. इतिहासात ही ‘कुत्र्यांची दंगल’ म्हणून नोंदली गेली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे, अंत्यविधीतही त्याचं स्थान आहे, त्यामुळे हा त्यांच्यासाठी फक्त दयेचा प्रश्न नव्हता. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. अशी कुत्री मारण्याऐवजी ठेवायची कुठे, याचं ते उत्तर होतं. आज आपण ‘रेस्क्यू’ म्हणतो त्याची आपल्याकडची ही जुनी पायरी. तरी कुत्री मारणं काही थांबलं नाही, पुढे दीडशे वर्षं वेगवेगळ्या शहरांत ते चालूच राहिलं. पकडा, नसबंदी करा, लस द्या, त्याच जागी सोडा, हा नियम देशभर आला तो थेट २००१ मध्ये.

म्हणजे बघा, पोतं, दोरी आणि काठी घेऊन येणाऱ्या माणसाला जी कुत्री घाबरली ती वाचली, त्यांना पिल्लं झाली. जी बिनधास्त जवळ गेली, ती गेली. तुमच्या बाजेखाली बसलेलं कुत्रं वाचलेल्यांच्या वंशातलं आहे. त्याला भित्रं म्हणून हिणवू नका.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. यासाठी रशियात जावं लागेल, पण पुरासाठी जायचंय, त्यामुळे गोदाकाठच्या माणसाला परकं वाटणार नाही.

पावलोव्ह हे नाव दहावीपर्यंत कधीतरी कानावर पडलंच असेल. कुत्र्याला ठरावीक इशारा देऊन मग खाणं दिलं, की काही दिवसांनी नुसत्या इशाऱ्यानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा त्याचा प्रयोग. (त्यासाठी तो कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करायचा, ती काही वाचवत नाही. पण तो वेगळा विषय.) २३ सप्टेंबर १९२४ ला लेनिनग्राडमध्ये वादळ झालं आणि नेव्हा नदीला मोठा पूर आला. पाणी कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरलं, वर चढत गेलं. कुत्री छताजवळ नाक धरून पोहत राहिली. पिंजऱ्याची दारं पाण्याखाली, त्यामुळे सोडवणाऱ्या माणसाला प्रत्येक कुत्रं आधी पाण्यात खाली ओढून मग दारातून बाहेर काढावं लागलं. विचार करा. वाचवणारा हात आणि बुडवणारा हात एकच.

कुत्री वाचली. पण त्यांतली काही बदलून गेली. शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. एक कुत्रं प्रयोगाच्या टेबलावर खाईनाच. पावलोव्हच्या माणसांनी बरंच काही करून पाहिलं. शेवटी उपयोगी पडलं ते अगदी साधं. एरवी प्रयोग करणारा दाराबाहेर बसायचा. आता तो कुत्र्याच्या खोलीत येऊन बसला. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. कुत्रं हळूहळू खायला लागलं, जुने धडे परत आले. पुढे तर त्या माणसाचे कपडे, नजरेला पडणार नाहीत असे खोलीत ठेवले, तरी फरक पडायचा. वास पुरेसा होता.

आणि मग, सगळं सुरळीत झाल्यावर, त्यांनी एक दिवस दाराखालून खोलीत थोडं पाणी सोडलं. थोडंसंच. कुत्रं पुन्हा पहिल्यासारखं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, ते हेच.

मला ही गोष्ट माहीत होती म्हणून आमच्या घरी बरंच सोपं गेलं. जुलै २०२५ मध्ये आम्ही स्टँडवरची एक काळी कुत्री घरी आणली. गाडीच्या चाकाने पाय दुखावला होता, पट्टी करायला पोत्यात घालून न्यावं लागलं होतं. म्हणजे तिच्यासाठी मीच तो पाण्यात ओढणारा. घरात सोडल्याबरोबर बाजेखाली, भिंतीच्या कोपऱ्यात. आईने तिथेच एक जुनी वाकळ सरकवली, शेजारी माझा घामट बनियन ठेवला. शेजारच्या काका रोज सांगायचे, बाहेर ओढा, दोन दिवस ओरडेल, सवय होईल. आईने त्यांना चहा दिला आणि कुत्रीला तिथेच राहू दिलं.

रोज संध्याकाळी साडेसातला मी बाजेपासून चार-पाच हातांवर, तिच्याकडे पाठ करून बसायचो. मोबाईलवर हळू आवाजात पुढच्या भागाची तयारी चालायची. हात मागे न्यायचा नाही, नजरेला नजर द्यायची नाही. कुत्र्यांच्या जगात टक लावून बघणं म्हणजे धमकी. भाकरीचे तुकडे मागे टाकायचे, बस. पहिले तीन दिवस मी उठून गेल्यावरच तुकडे संपायचे. दहाव्या दिवशी मी बसलेलो असताना चावण्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर अजून दहा दिवस गेले असते, असं मला वाटतं. ढेळजेचं दार उघडं ठेवलं, अंगणाला जाळी लावून. बाहेर जाता येतं हे कळल्यावर ती आत जास्त थांबायला लागली. हे ऐकायला उलटं वाटतं, पण गावगाड्यातला तोच जुना व्यवहार आहे: भाकर ठरलेल्या वेळी, आणि वाट मोकळी.

भीती कशाची आहे ते एकेक करून सापडत गेलं. कुकरच्या शिट्टीला काहीच नाही. झाडू उचलला की लघवी. प्लास्टिकचं पोतं सळसळलं की दिवसभर बाजेखाली. मग आम्ही पोतं आधी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नुसतं पसरून ठेवलं, आणि ती बघत असताना इकडे भाकर. आठवड्याला दोन-चार हात जवळ. दीड महिना लागला, आता त्या पोत्यावरच झोपते. हा वेळ कमी करायचा काही उपाय मला तरी सापडलेला नाही, आणि ज्या रीलवर ‘दोन दिवसांत कुत्रं माणसाळवा’ म्हणतात ती सरळ पुढे ढकला.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीला पहिला सुतळी बॉम्ब वाजला आणि तीन महिन्यांचं काम एका मिनिटात गेलं. पुन्हा बाजेखाली, पुन्हा भाकर तशीच. घरात सगळे हिरमुसले. पण दाराखालचं ते पाणी आठवलं. मी पुन्हा साडेसातला पाठ करून बसलो. या वेळी दहा दिवस लागले नाहीत, चौथ्या दिवशी ती बाहेर आली. शिकलेलं पुसलं गेलेलं नव्हतं, खाली कुठेतरी होतं.

अजून एक सांगून थांबतो, कारण काही जणांनी आधीच विचारलंय. स्टँडवरचं एखादं कुत्रं आणायचं मनात असेल तर आणण्याआधी पंधरा दिवस, रोज एकाच वेळेला, एकाच जागी जाऊन त्याला भाकर टाका. हातातून द्यायचा हट्ट नको. त्याला तुमचा वास आणि तुमची वेळ कळू द्या. अर्ज, नसबंदी, रेबीजची लस हे आधी उरका. घरात लहान लेकरं असतील तर बाजेखाली हात घालायचा नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी बजावून सांगा. घाबरलेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आपल्या आजोबांच्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, म्हणून लोक टाळायचे. आता ती दंडात देतात आणि मोजकीच असतात.

पुढच्या भागात परभणी-परळी रेल्वेमार्गाची गोष्ट आहे. तोवर तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याला तुमच्याकडे काय म्हणून बोलावतात, ‘यू यू’ की अजून काही, ते व्हॉइस नोटवर पाठवा. गावागणिक वेगळं निघतं, मला ते जमवायचंय.