ज्ञानमंदिराचा उंबरठा

एखादें ग्रंथालय सर्वांस खुलें आहे, असें आपण केव्हां म्हणतों? दारावर पहारा नाहीं, वर्गणी नाहीं, जातिभेद नाहीं, एवढें झालें म्हणजे पुरे, अशी सामान्य समजूत असते. परंतु त्याच ग्रंथालयाला वीस पायऱ्या असतील आणि चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्या वाचकास त्या चढतां येत नसतील, तर त्या वाचकापुरतें तें बंदच होय. विद्यापीठांचें संशोधन गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दगडी इमारतींतून निघून संकेतस्थळांवर येऊन बसलें आहे. ह्या नव्या इमारतीच्या पायऱ्या डोळस मनुष्यास दिसत नाहींत. म्हणूनच त्या कशा बांधल्या गेल्या, हें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रारंभीं त्या फारशा नव्हत्याच. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेंत महाजालाची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांस एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. त्या काळचीं पानें बहुतेक अक्षरांचीं असत. आणि अक्षर हें अक्षर म्हणूनच साठविलेलें असलें, तर संगणक तें उच्चारूं शकतो किंवा ब्रेलच्या टिंबांत उतरवूं शकतो. १९९३ सालीं इलिनॉय विद्यापीठांत मोझेक नांवाची आज्ञावली निघाली. तिच्यामुळें मजकुराच्या शेजारीं चित्रें दिसूं लागलीं व महाजाल लोकप्रिय झालें. त्याच वर्षीं छापील पानाची हुबेहूब प्रतिकृति जपणारी पीडीएफ ही पद्धत आली. डोळस वाचकांची सोय झाली; अंध वाचकाच्या वाटेंत मात्र पायऱ्या उभ्या राहिल्या. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी जी आज्ञावली, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. चित्राचें वर्णन लिहून ठेविलें नसेल, तर तेथें ती मुकी होते. मथळा केवळ ठळक टायपांत छापला आणि ‘हा मथळा आहे’ अशी खूण ठेविली नाहीं, तर हवें तें प्रकरण गांठण्यासाठीं ऐकणाऱ्यास प्रबंध ओळीमागून ओळ ऐकत बसावें लागतें. गणिताचें समीकरण तर अशा प्रतिकृतींत नुसता चिन्हांचा ढिगारा होऊन बसतें.

ह्या शेवटच्या अडचणीवर उपाय शोधणारे गृहस्थ पुण्यांत वाढलेले होते. टी. व्ही. रामन ह्यांची दृष्टि वयाच्या चौदाव्या वर्षीं काचबिंदूनें गेली. नौरोसजी वाडिया कॉलेजांतून गणिताची पदवी व मुंबईच्या आय. आय. टी. मधून पुढील पदवी घेऊन ते अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत गेले. तेथें १९९४ सालीं पुऱ्या झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ॲस्टर, म्हणजे शास्त्रीय लेख ऐकविणारी आज्ञावली. गणितज्ञ आपले लेख लाटेक् नांवाच्या संकेतपद्धतींत लिहितात. तींत अंश कोणता, छेद कोणता, घातांक कोठें संपतो, हें सारें शब्दांनीं नोंदलेलें असतें. छापील पानावर तें केवळ आकारांत उरतें. रामन ह्यांनीं पान बाजूस सारून मूळ लेखनच वाचावयास घेतलें. घातांक आला कीं आवाज उंच होई, आणि ऐकणाऱ्यास हवा तो भाग निवडून पुनः ऐकतां येई. ह्या प्रबंधास संगणकशास्त्रज्ञांच्या ए. सी. एम. ह्या संस्थेचें उत्तम प्रबंधाचें पारितोषिक मिळालें. अर्थ डोळ्यांत नसून रचनेंत असतो, हें त्या एका प्रयोगानें सिद्ध झालें.

त्याच सुमारास नियमही होऊं लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रांत ग्रेग व्हँडरहायडन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९५ पासून सुगम पानें कशीं रचावींत ह्याचीं सूत्रें एकत्र केलीं. त्यांच्याच पायावर महाजालाच्या मानक-मंडळानें मे १९९९ मध्यें पहिली सर्वमान्य नियमावली प्रसिद्ध केली. येथें वाचक विचारतील, उपाय सांपडला, नियम झाले, मग घोडें अडलें कोठें?

त्याचें उत्तर कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या हकीकतींत आहे. ह्या विद्यापीठानें आपल्या वर्गांतील व्याख्यानें सर्व जगास विनामूल्य खुलीं केलीं होतीं. परंतु कित्येकांस बोललेल्या शब्दांच्या लेखी ओळी जोडलेल्या नव्हत्या. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट ह्या कर्णबधिरांच्या विद्यापीठांतील दोन कर्मचाऱ्यांच्या वतीनें सरकारकडे तक्रार गेली, आणि ऑगस्ट २०१६ मध्यें अमेरिकेच्या न्यायखात्यानें विद्यापीठास दोष दिला. मार्च २०१७ मध्यें विद्यापीठानें २०,००० हून अधिक व्याख्यानें सार्वजनिक दृष्टीआड केलीं.

विद्यापीठाची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. हजारों तासांचें बोलणें मागाहून लिहून काढणें हें खर्चाचें काम खरें. आणि जगांतील असंख्य गरीब विद्यार्थ्यांचा ह्यांत तोटा झाला, हेंही खरें. परंतु एका पाहुण्यानें पान मागितलें म्हणून सारी पंगत उठवावी काय? आणि पंगत उठली ह्याचा दोष पान मागणाऱ्याच्या माथीं मारावा काय? तसा दोष त्या वेळीं पुष्कळांनीं दिला. खेदाची गोष्ट ही कीं, ज्या विद्यापीठांत १९६२ सालीं पोलिओनें पंगु झालेल्या एड रॉबर्ट्स ह्यांनीं प्रवेश मिळवून अपंगांच्या स्वावलंबनाच्या चळवळीस चालना दिली, तेंच हें विद्यापीठ. पुढें २०२२ सालीं न्यायखात्याशीं करार करून आपली ऑनलाइन सामग्री सुगम करण्याचें त्यानें मान्य केलें. म्हणजे अशक्य असें कांहीं नव्हतेंच.

ह्याच्या उलट गोष्ट अर्काइव्ह ह्या संशोधनलेखांच्या भांडाराची. पॉल गिन्सपार्ग ह्यांनीं तें १९९१ सालीं लॉस अलामॉस येथें सुरू केलें आणि २००१ सालीं तें कॉर्नेलला आलें. तेथें लेखाच्या छापील रूपाबरोबर मूळ लाटेक् लेखनही जपून ठेवीत असत. त्यामुळेंच डिसेंबर २०२३ पासून नव्या लेखांचीं स्क्रीन रीडरला वाचतां येणारीं पानें आपोआप तयार करणें शक्य झालें. ज्या विद्यापीठांत रामन ह्यांनीं हें तत्त्व दाखविलें, त्याच विद्यापीठाच्या आश्रयाखालील भांडारास तें अमलांत आणावयास एकोणतीस वर्षें लागलीं! तरी तें साधलें, कारण मूळ रचना कोणी फेंकून दिली नव्हती.

आमच्याकडे हा धडा अधिक निकडीचा आहे. २००९ च्या नियमानें पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा ह्या भांडारांत येऊं लागले, ही मोठी सोय झाली. परंतु त्यांतील कित्येक प्रबंध म्हणजे कागदाचीं नुसतीं छायाचित्रें आहेत. जे मराठी प्रबंध युनिकोडपूर्वीच्या टंकांत जुळविले गेले, ते पडद्यावर मराठी दिसतात, पण स्क्रीन रीडरला त्यांत निरर्थक रोमन अक्षरें सांपडतात. २०१६ च्या अपंग-हक्क कायद्यानें इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपांत असावा ह्याची काळजी घेण्याचें कर्तव्य सरकारावर टाकलें आहे. पण कायदा दार ठोठावूं शकतो. तें आंतून उघडावें लागतें. मथळ्यास मथळ्याची खूण करणें, चित्राखालीं दोन ओळी लिहिणें, युनिकोडांत टंकलेखन करणें, ह्यांस लिहितांना कांहीं क्षण पुरतात. तेंच काम वीस वर्षांनीं करावयाचें म्हणजे खजिना रिता होतो आणि मग दार बंद करण्याची बुद्धि सुचते. ज्यांच्या घरांत आज कोणी प्रबंध लिहीत आहे, त्यांनीं त्यास एवढें अवश्य विचारावें: तुझा प्रबंध पुण्यांतील एखाद्या अंध विद्यार्थ्यास उद्यां वाचतां येईल काय?