भेदिकाचं कूळ

'बाहुबली'चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी पडद्यावर आला आणि जाता जाता एक प्रश्न मागे ठेवून गेला: कटप्पाने बाहुबलीला का मारलं? उत्तरासाठी २८ एप्रिल २०१७ उजाडावा लागला. मधल्या काळात हा प्रश्न सगळ्या देशाने चघळला. एसटीत, कट्ट्यावर, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाकडे स्वतःचं उत्तर होतं. त्यातली काही उत्तरं निव्वळ हसवणारी होती, तर काही पार कर्तव्य आणि पाप यांच्या मुळाशी जाणारी होती. सिंहासनाला बांधलेला माणूस अन्यायाची आज्ञा पाळतो, तेव्हा दोष आज्ञा देणाऱ्याचा की पाळणाऱ्याचा? इथवर वाद आला की कोल्हापूरकडचा माणूस कटप्पाला सोडून थेट भीष्माला धरतो, कारण त्याच्या आज्या-पणज्यांनी हा वाद भीष्मावरूनच घातलेला असतो.

अद्भुत कथा ऐकून, तिच्यातल्या गाठी काढून एकमेकांपुढे टाकण्याच्या या रीतीचं आपल्याकडे जुनं घराणं आहे. त्याचं नाव भेदिक. कथेत दडलेला भेद सवालाच्या रूपात विचारायचा आणि समोरच्याने तो गाऊन उलगडायचा, असा हा प्रकार. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गावांतून यात्रेच्या रात्री देवळापुढे डफ-तुणतुण्यावर तो गायला गेला. पुणे-बंगळूर महामार्गाला लागून, पंचगंगेच्या पुलापलीकडे वसलेल्या शिरोली एमआयडीसीत हातकणंगले, करवीर, पन्हाळा या तालुक्यांच्या गावांतून माणसं कामाला येतात. दिवसभर भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या अनेकांच्या घराण्यात कुणी ना कुणी डफ वाजवलेला आहे, किंवा डफाभोवती रात्र जागवली आहे. म्हणून भेदिकाची कुळकथा शिरोलीतून सांगायला घेणं मला योग्य वाटतं.

या कुळाचा मूळ पुरुष शोधायचा तर महाभारताच्या उंबऱ्यावर जावं लागतं. व्यास सांगणार आणि गणपती लिहिणार, अशी ती आख्यायिका. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहू नये ही व्यासांची. गणपतीचा वेग आवरायला व्यासांनी मधेमधे कूट श्लोक पेरले. परंपरा त्यांची संख्या ८,८०० सांगते. म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला पहिला सामना ग्रंथ लिहितानाच झाला, अशी आपली श्रद्धा आहे. भेदिकाच्या फडात आरंभी गण गातात तो याच गणपतीचा. पुढे वनपर्वात यक्ष तळ्याकाठी युधिष्ठिराला प्रश्न विचारतो. चार भाऊ निपचित पडलेले, आणि जवाब नीट आला तरच पाणी मिळणार. शेवटी एकच भाऊ उठवता येईल असं ठरतं, तेव्हा युधिष्ठिर भीम-अर्जुनांना सोडून माद्रीच्या नकुलाला मागतो. सवाल-जवाबाचा खरा कस शब्दांच्या हुशारीच्या पलीकडे, माणसाच्या न्यायबुद्धीत असतो, हे त्या एका निवडीने ठरवून टाकलं.

मराठीत ही कूटाची वाट संतांनी रुळवली. मुक्ताबाईचे कूट अभंग आणि एकनाथांची भारुडं यांत वर दिसतो तो चमत्कार किंवा गंमत, आणि आत असतो देहाचा आणि आत्म्याचा विचार. भेदिकाने ही दुहेरी वीण जशीच्या तशी उचलली. एका नगरीला नऊ वेशी आहेत, एकीलाही पहारा नाही, तरी राजा आत नांदतो, ती नगरी कोणती? अशा धर्तीचा सवाल ऐकून नवखा माणूस भूगोल आठवू लागतो. जाणत्याला ठाऊक असतं की नगरी म्हणजे देह, वेशी म्हणजे दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन द्वारं. गीतेच्या पाचव्या अध्यायातली नऊ दारांची नगरी अशी अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही कानी पडली.

कथेचा दारूगोळा आला पोथ्यांमधून. सांगोल्याजवळच्या नाझऱ्याच्या श्रीधरांनी १७०२ साली 'हरिविजय', १७०३ साली 'रामविजय' आणि १७१२ साली 'पांडवप्रताप' पुरा केला. सोपी ओवी, डोळ्यांपुढे उभी राहणारी युद्धं, राक्षस, शाप, उःशाप, दिव्य अस्त्रं! श्रावणात देवळात एकजण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार आणि गाव ऐकणार. १८१९ साली मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार' ४० अध्यायांत आला, तेव्हा स्त्रीराज्यात अडकलेला मच्छिंद्रनाथ आणि त्याला सोडवायला निघालेला गोरक्षनाथ घरोघरी पोचले. गुरूच मोहात सापडला तर शिष्याने काय करावं? हा प्रश्न पोथी मिटल्यावर पारावर सुरू व्हायचा. ज्या माणसांनी ही कथा वर्षानुवर्षं ऐकली, पाठ केली आणि तिच्या पात्रांवर घरच्यासारखा हक्क सांगितला, त्याच माणसांनी भेदिक उभं केलं.

मात्र वादाला दोन बाजू लागतात. त्या बाजूंची नावं कलगी आणि तुरा. यांच्या जन्माची गोष्ट मध्य भारतातल्या चंदेरीची सांगतात. तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर दरबारात गाऊन वाद घालू लागले. राजाला दोघेही इतके आवडले की त्याने एकाला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात, तर कलगीवाले शक्तीला, म्हणजे मायेला. आधी ब्रह्म की आधी माया, हा त्यांचा न संपणारा झगडा. गोसावी शिवाच्या बाजूने आणि फकीर आदिशक्तीच्या बाजूने उभा आहे, हे या गोष्टीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. बाजू जन्माने मिळाली नाही. ती गुरूकडून घेतली आणि जीव ओतून लढवली.

ही रीत फार दूरवर पसरली. राजस्थानात चित्तोडगडच्या बाजूला 'तुर्रा-कलंगी' नावाचं लोकनाट्यच झालं. उत्तर कर्नाटकात हरदेशी आणि नागेशी अशा दोन बाजू झाल्या, आणि स्त्री-पुरुष तत्त्वांचा तोच वाद कानडीत रंगू लागला. कोकणात तो जाखडी नाचाबरोबर 'शक्ती-तुरा' म्हणून रुजला. गिरणगावात आणि पुढे मुंबईच्या उपनगरांत गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या चाकरमान्यांनी तो नाट्यगृहात नेला आणि तिकीट काढून ऐकला. घाटावर त्याला भेदिकाचं गंभीर, डफावरचं रूप मिळालं. साताऱ्याकडच्या पुसेसावळीचे हैबतीबाबा यांचं नाव या परंपरेत अतिशय आदराने घेतलं जातं.

गाणारे कोण होते, हेही या कुळकथेत नोंदवायला हवं. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर पाहा. रामजोशी सोलापूरचा ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, तर सगनभाऊ मुसलमान शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. वेदान्ताचा विचार अशा बारा वाटांनी आलेल्या माणसांच्या तोंडी गेला. संस्कृत पाठशाळेचं दार ज्यांना बंद होतं, त्यांनी डफ हातात घेऊन स्वतःची पाठशाळा भरवली. तिथे प्रवेशाला जात लागत नव्हती, पाठांतर लागत होतं.

सामना कसा चालतो? दोन फड समोरासमोर बसतात. शाहिराच्या हातात डफ, जोडीला तुणतुणं आणि झांज, मागे सूर धरणारे झीलकरी. गण होतो, गुरूला वंदन होतं, मग पहिला सवाल पडतो. कौरव-पांडवांचं युद्ध कुरुवंशाच्या गादीसाठी झालं असं म्हणतात. पण त्या रणांगणावर कुरूंचं रक्त कुणाच्या अंगात होतं? सवाल साधा दिसतो आणि पाय तिथेच अडकतो. शंतनूचा मुलगा विचित्रवीर्य निपुत्रिक गेला. धृतराष्ट्र आणि पंडू हे व्यासांपासून झाले, आणि व्यास सत्यवतीचे, शंतनूचे नव्हेत. शिवाय पांडव तर देवांपासून जन्मले. मग खरं कुरुरक्त एकट्या भीष्माचं, आणि त्यानेच गादीवर पाणी सोडलेलं!

फड वाहवा करतो. पण समोरचा शाहीर कच्चा नसतो. तो विचारतो, शंतनूचा थोरला भाऊ बाल्हीक कुठे गेला? त्याचा मुलगा सोमदत्त, नातू भूरिश्रवा, तिघेही कौरवांच्या बाजूने लढले. त्यांचं रक्त कोणतं? पहिल्याची गणती चुकली, आणि बाजी फिरली. इथवर ही स्मरणशक्तीची परीक्षा असते. खरा भेद पुढे उघडतो. नियोगाने झालेला पुत्र शास्त्राने त्याच कुळाचा. तेव्हा कूळ रक्ताने ठरतं की धर्माने? आणि रक्ताने ठरत नसेल, तर सूताच्या घरी वाढलेल्या कर्णाला कोणत्या तोंडाने हिणवलं? मध्यरात्री गावच्या देवळापुढे, घोंगडीवर बसलेली माणसं जन्म आणि योग्यता यांचा हा विचार ऐकत असत. सवालाच्या खोलीबरोबर थट्टाही चालते. प्रतिस्पर्ध्याच्या पाठांतराला, गळ्याला, गुरूला टोमणे बसतात, आणि ते सोसण्याची ताकद हाही शाहिराचा गुण मानला जातो.

या साच्याचं बळ पुढच्या काळाने ओळखलं. तमाशात सवाल-जवाब हा रंगाचा भाग झाला. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार सोडून पठ्ठे बापूराव झाले, ते याच ओढीने. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापला, आणि त्याच्या जलशांनी प्रश्न विचारण्याची ही कला जातीच्या उतरंडीकडे वळवली. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने ती आणखी धारदार केली. देवाला विचारता येतं, तर भटजीला आणि सावकाराला का नाही, हे पाऊल भेदिक ऐकलेल्या माणसाला अवघड गेलं नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' केला, १९६४ साली अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका!' आला, आणि फडावरचा सामना शहरातल्या प्रेक्षकानेही पाहिला.

आता मुद्द्याकडे येतो. शिव मोठा की शक्ती मोठी, या झगड्याचा निकाल महाराष्ट्राला आधीपासून ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या पहिल्याच प्रकरणात दोघांना वेगळं काढता येत नाही असं सांगून ठेवलं. कोल्हापूरच्या माणसाला तर तो निकाल रोज डोळ्यांनी दिसतो. शहरात अंबाबाई आहे, वायव्येला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबा आहे, आणि भक्त दोन्हीकडे जातो. तरी कलगी-तुऱ्याचा वाद शेकडो वर्षं चालला, कारण तो जिंकून संपवण्यासाठी नव्हताच. समोरचा फड उठून गेला तर शाहिराला गाता येत नाही. त्याचं सगळं ज्ञान प्रतिस्पर्ध्याच्या सवालावर जगतं. म्हणून रात्रभर एकमेकांना खिंडीत गाठणारे शाहीर परस्परांच्या गुरुपरंपरेचा मान राखत आले. विरोधक हा आपल्या विचाराचा वाटेकरी आहे, ही जाण भेदिकाने दिली. आजच्या आपल्या सार्वजनिक बोलण्यात तिची फार गरज आहे.

शिरोलीच्या कारखान्यांत आता बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याकडे 'दुगोला' आहे: दोन दलं समोरासमोर, पुराणातला प्रश्न, गाऊन दिलेलं उत्तर. बिरह्याचे मुकाबलेही तसेच. एकाच पाळीत, शेजारी-शेजारी उभी असलेली ही माणसं एकाच कुळाच्या दोन शाखांतली आहेत, आणि बहुतेकदा त्यांना ते माहीत नसतं. भीष्माचा, कर्णाचा, हनुमंताचा विषय निघाला तर भाषेची अडचण थोड्या वेळात मागे पडेल, याची मला खात्री वाटते.

म्हणून शिरोलीतल्या कारखानदारांना आणि कामगारांना माझी एक विनंती आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, फुलं वाहिली जातात, प्रसाद वाटला जातो. त्या दिवशी कारखान्याच्या आवारात एक सामना ठेवा. एक फड भेदिकाचा, दुसरा दुगोल्याचा, आणि ऐकायला सगळी पाळी. शाहिराला सन्मानाने बिदागी द्या. ज्यांच्या घरी आजोबांचं हाताने लिहिलेलं कवनांचं बाड असेल, त्यांनी ते रद्दीत जाऊ न देता पानन् पान टिपून घ्यावं, आणि चाली ज्यांना येतात त्यांच्याकडून गाऊन घ्याव्यात. कागद उरला आणि चाल गेली, तर भेदिक अर्धंच उरेल. हे काम याच पिढीला करता येणार आहे.