खनिज तेलातील मेण व पूरक द्रव्ये : एका प्रश्नाचा इतिहास

खनिज तेलातील मेणावर रसायनशास्त्राने विजय मिळविला, असे सामान्यतः लिहिले जाते. हा निर्णय इतिहासास धरून नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मेण नाहीसे झाले नाही. त्याचे रूप तेवढे पालटले, आणि प्रत्येक रूपाबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला.

तेल थंड होऊ लागले की त्यातील लांब साखळीचे पॅराफिन रुंद, पातळ पापुद्र्यांच्या रूपाने स्फटिकीभूत होते. हे पापुद्रे एकमेकांत गुंतून जाळे बनते व द्रव तेल त्यात अडकून पडते. यासाठी शेकडा एक-दोन भाग मेणही पुरेसे होते. म्हणून आरंभीच्या काळात तेल थंड करून मेण गाळून काढणे हाच मुख्य उपाय होता.

१९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गार्लंड डेव्हिस यांनी क्लोरीनयुक्त मेण व नॅफ्थॅलीन यांचा संयोग घडवून ‘पॅराफ्लो’ हे द्रव्य सिद्ध केले. वंगण तेलात ते अत्यल्प प्रमाणात मिसळले असता तेल अधिक थंडीतही वाहते राहू लागले. मेण पूर्वीइतकेच बाहेर पडत होते. मात्र पूरक द्रव्याचा मेणासारखा भाग स्फटिकाशी जुळे आणि उरलेला अवजड भाग त्याची पुढील वाढ रोखून धरी. परिणामी जाळे विणलेच जात नसे.

स्फटिकाचे रूप पालटण्यास रसायनच हवे असेही नाही. आसामातील नहारकटिया येथील मेणयुक्त कच्चे तेल बरौनीस नेताना, ते प्रथम तापवून मग नियंत्रित रीतीने थंड करण्याची पद्धत १९६० च्या दशकात अवलंबिली गेली.

त्याच दशकात डिझेलसाठी एथिलीन व व्हिनिल ॲसिटेट यांची सहबहुवारिके प्रचारात आली. स्फटिक लहान झाले व इंजिनाच्या गाळणीतून इंधन जाऊ लागले. परंतु जे जाळे तेलास अडवीत होते, तेच स्फटिकांनाही तोलून धरीत होते. जाळे मोडताच सुटे स्फटिक, इंधनाहून जड असल्यामुळे, थंडीत उभ्या असलेल्या वाहनाच्या टाकीत तळाशी बसू लागले. तळाचा थर मेणाने गडद होई, आणि इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तेथूनच निघे.

यावर १९८० च्या दशकात अवसादनरोधक द्रव्ये पुढे आली. त्यांचा आधार स्टोक्स यांचा १८५१ चा नियम होय. कणाचा व्यास एक-तृतीयांश झाला की खाली बसण्याचा वेग एक-नवमांश होतो. म्हणजे येथेही अवसादन थांबले नाही, ते लांबणीवर पडले. थंडीची एक रात्र निभावून नेण्यास तेवढे पुरते.

अभ्यासकांनी यातून घ्यावयाचा बोध असा की, पूरक द्रव्याचे यश मोजताना केवळ ‘तेल वाहते काय’ एवढेच विचारून भागत नाही. बाहेर पडलेले मेण कोठे गेले, हेही विचारले पाहिजे.