दारचा बांबू : गवत की झाड?



पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असलेला शोभेचा बांबू परसात लावावा, असं पुष्कळांना वाटतं. पण लगेच शंका येते, उद्या तोडायचा झाला तर परवाना लागेल काय? ही शंका उगाच नाही. तिच्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

शास्त्राच्या हिशेबी बांबू हे गवतच. ज्वारी, ऊस, भात यांच्या कुळातलं. परंतु इंग्रजी अमदानीत १९२७ साली भारतीय वन कायदा झाला आणि त्यातल्या 'झाड' या व्याख्येत ताड-माड, वेत यांच्याबरोबर बांबूही घातला गेला. त्यामुळे बांधावरचा बांबू तोडून बाजारात न्यायचा, तर अनेक ठिकाणी परवानगी आडवी येई. साहजिकच लोक लावायलाच कचरत.

पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. त्याच कायद्याच्या आधारे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला, त्यामागून कायद्यात दुरुस्ती झाली आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. वनाबाहेरच्या जमिनीतला बांबू तोडायला नि न्यायला या कायद्याखाली आता परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूला मात्र वनाचे नियम आहेतच, हे विसरू नका.

तेव्हा बांबू लावायला हरकत नाही. पिवळ्या बांबूला फुलोरा क्वचितच येतो आणि बी धरत नाही. म्हणून दोन-तीन गाठींचे कांडे पावसाच्या तोंडाशी आडवे पुरा. बेट रुंदावतं, तेव्हा भिंत आणि विहीर यांपासून लांब लावा. पावसाळ्यात निघालेला कोंब काही महिन्यांतच पुरा उंच होतो. पुढे त्याची जाडी वाढत नाही. कोंब तुडवू देऊ नका, गुरांपासून जपा. बुंध्याला दरवर्षी माती आणि शेणखत द्या. तोड पावसाळा सरल्यावर करा. तीन वर्षांवरच्या काठ्या तेवढ्या काढा, कोवळ्या राखा. जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर कापा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजणार नाही.