काँटेसाचं पिकअप

"शून्य ते शंभर किती सेकंदात?" हा प्रश्न हल्ली ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणीही विचारतो. ज्याच्याकडे स्कूटर आहे तोसुद्धा. १९८० च्या दशकात आमच्या नागपुरात असं कोणी विचारत नसे. तेव्हा शब्द एकच, 'पिकअप'. आणि उत्तरही आकड्यात नसायचं. "उठते ना बाप्पा गाडी!" किंवा "छ्या, उठतच नाही." बस्स, रोड टेस्ट संपली.

तर मंडळी, त्या काळातल्या दोन गाड्यांचं पिकअप आज आकड्यात बसवून पाहू. एक काँटेसा, दुसरी प्रीमियर ११८ एनई. ज्यांचा जन्म १९९० नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. काँटेसा म्हणजे हिंदी सिनेमात खलनायक बसायचा ती लांबलचक गाडी. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये ती बाजारात आणली. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्सची, म्हणजे १९७० च्या दशकातली. ११८ एनई आपल्या मुंबईची, कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची, १९८५ ची. दिसायला चौकोनी डबा, पण खानदान मोठं. मूळ गाडी फियाट १२४, जी १९६७ ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' होती. रशियातली पहिली लाडासुद्धा हिचीच बहीण.

रुबाबात काँटेसा शंभर पावलं पुढे, यात वाद नाही. आता बॉनेट उघडू.

काँटेसाच्या त्या प्रचंड बॉनेटखाली होतं अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन! १४८९ सीसी, सुमारे ५० बीएचपी, १९५० च्या दशकातलं ब्रिटिश डिझाइन. कंपनीला दोष देणं सोपं आहे. पण तो लायसन्स राजचा काळ. नवीन इंजिन आणायचं म्हणजे परदेशी चलन, सरकारी परवानगी आणि वर्षानुवर्षांच्या फाइली. जे इंजिन आधीच कारखान्यात बनतंय तेच टाकणं हा शहाणपणा होता. जुन्या कोडवर नवीन यूआय चढवायचं, आपण दुसरं काय करतो? :-)

प्रीमियरने उलटं केलं. बॉडी जुनीच, पण इंजिन निस्सानचं, ए-१२, ११७१ सीसी आणि साधारण ५२ बीएचपी. नावातलं 'एनई' म्हणजे निस्सान इंजिन.

म्हणजे ताकद दोघींची जवळपास सारखी. आता वजन बघा. काँटेसा बाराशे किलोच्या आसपास, ११८ एनई साडेनऊशे धरू. दोघींत दोन माणसं आणि सामान मिळून दीडशे किलो टाकू. अकरावी-बारावीचं फिजिक्स आठवा, अर्धा एम व्ही वर्ग. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. काँटेसाला त्या वेगाला न्यायला सुमारे ५२० किलोज्यूल लागतात, ११८ ला ४२५. ५० बीएचपी म्हणजे ३७ किलोवॅट. इंजिनाने पूर्ण वेळ पूर्ण ताकद दिली आणि हवेने अडवलं नाही, तर काँटेसाला १४ सेकंद, ११८ ला ११. प्रत्यक्षात तसं कधी होत नाही. गिअर बदलताना वेळ जातो, हवा अडवते, ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाही. सरासरी ६० टक्केच हाती लागते असं धरलं तर काँटेसा २३ सेकंदांच्या घरात जाते आणि ११८ एनई १८ च्या. हिशोब ढोबळ आहे, मान्य. पण कोण पुढे हे त्याने बदलत नाही. खलनायकाची गाडी डब्याच्या मागे!

आता कोणी म्हणेल, पाच सेकंदांनी काय होतं? शर्यत थोडीच लावायचीय?

इथे नागपूर-अमरावती रस्ता मध्ये येतो. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग ६. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, आणि बहुतेक सगळा दुपदरी. पुढे ट्रक ५० च्या वेगाने चाललाय, मागे तुम्ही. ओव्हरटेक करायचं तर समोरून येणाऱ्याच्या बाजूला जाऊन ५० चे ८० करायचे. वरच्याच पद्धतीने काँटेसाला त्याला ९ सेकंद लागतात, ११८ एनईला ७. हे दोन सेकंद कागदावर किरकोळ वाटतात. समोरचा ट्रक ५० ने येतोय, तुम्ही ७० ने जाताय, म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने कमी होतंय. दोन सेकंद म्हणजे पासष्ट-सत्तर मीटर. बॉनेट कितीही लांब असलं तरी ते त्यात भरून निघत नाही.

आणि हा हिशोब सुखद हवामानातला झाला. आमच्याकडच्या मे महिन्याचं काय? ४५ डिग्रीला हवा विरळ होते. २० डिग्रीच्या तुलनेत साधारण आठ टक्के कमी, आणि कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. वर एसीचा कॉम्प्रेसर दोन-चार बीएचपी खातो. दीडशे बीएचपीच्या गाडीला ते कळतही नाही, पन्नासच्या गाडीला चांगलंच कळतं. माझ्या एका काकांकडे ऑफिसची काँटेसा होती. ट्रकच्या मागे आलो की ते ड्रायव्हरला म्हणत, "एसी बंद कर आधी, मग पाहू." ओव्हरटेक होईपर्यंत गाडीत कोणी बोलत नसे. मला लहानपणी वाटायचं की ही शिस्त आहे! उन्हात पेट्रोल पाइपातच उकळून गाडी बंद पडली, तर फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकणं हा आणखी वेगळा सोहळा.

काँटेसाचं भाग्य उजळलं ते त्याच दशकाच्या उत्तरार्धात. परदेशी तंत्रज्ञानासाठी सरकारने दार थोडं किलकिलं केलं आणि गाडीत इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं. सुमारे ८८ पीएस, सोबत पाच गिअर. ही 'काँटेसा क्लासिक'. त्याच पद्धतीने शून्य ते शंभर साडेतेरा सेकंदांच्या आसपास, आणि ५० ते ८० फक्त पाच. जुन्या काँटेसापेक्षा ट्रकच्या शेजारचे चार सेकंद वाचले, म्हणजे सव्वाशे-दीडशे मीटर. बॉडी तीच, रंग तोच, पण ११८ एनई आता मागे पडली. आज जे लोक काँटेसाला भारताची मसल कार म्हणतात, त्यांच्या डोक्यात ही इसुझूवाली असते. १९८४ वालीला ते नाव देणं म्हणजे जरा अतीच.

पण हे राज्यही फार टिकलं नाही. १९९४ मध्ये मारुतीची एस्टीम आली. इंजिन १२९८ सीसी, ताकद फक्त ६५ बीएचपी, आणि वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. हिशोब केला की एस्टीम आणि १.८ काँटेसा जवळजवळ बरोबरीत येतात. म्हणजे जे इसुझूने जास्त पेट्रोल जाळून मिळवलं, ते सुझुकीने पत्रा हलका करून मिळवलं. १९९९ मध्ये एस्टीमला ८५ बीएचपीचं फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन मिळालं आणि मग बरोबरीचा प्रश्नच उरला नाही. २००२ मध्ये काँटेसाचं उत्पादन थांबलं.

अमरावती रस्ता आता चौपदरी आहे. मुंबईला जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झालाय. तिथे समोरून कोणी येतच नाही, त्यामुळे ५० ते ८० चा आकडा कोणी विचारत नाही, सगळे शून्य ते शंभरच विचारतात. तुमच्यापैकी कोणाच्या घरी चालू स्थितीतली काँटेसा किंवा ११८ एनई असेल, तर रिकाम्या रस्त्यावर स्टॉपवॉच लावून ५० ते ८० मोजा आणि मला कळवा. एसी चालू आणि बंद, दोन्ही आकडे हवेत.