लॉर्डी: राक्षसाचे मुखवटे घालून युरोव्हिजन जिंकणारा फिनलंडचा बँड

२० मे २००६ची रात्र. ग्रीसची राजधानी अथेन्समध्ये युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होती. चकचकीत कपडे, प्रेमगीते आणि हसरे चेहरे ही या स्पर्धेची ओळख. त्या मंचावर पाच राक्षस आले. मुख्य गायकाच्या हातात दुधारी कुऱ्हाडीच्या आकाराचा माइक होता. चारी बाजूंनी आतषबाजी झाली आणि गाण्याच्या शेवटी त्याच्या पाठीवर वटवाघळासारखे प्रचंड पंख उघडले.

मतमोजणी संपली तेव्हा हेच राक्षस पहिले आले होते. त्यांना २९२ गुण मिळाले. स्पर्धेच्या इतिहासात तोपर्यंत इतके गुण कुणालाच मिळाले नव्हते. हा बँड म्हणजे फिनलंडचा ‘लॉर्डी’ आणि गाण्याचे नाव ‘हार्ड रॉक हालेलुया’.

हा विजय एवढा मोठा का होता?

युरोव्हिजन १९५६ पासून होते. प्रत्येक देश एक गाणे पाठवतो, बाकीचे देश त्याला गुण देतात आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. फिनलंड १९६१ मध्ये या स्पर्धेत उतरला. त्यानंतरच्या ४५ वर्षांत त्याला एकदाही जिंकता आले नाही. १९७३ सालचा सहावा क्रमांक हीच सर्वांत चांगली कामगिरी. तीन वेळा तर पदरात शून्य गुण पडले. ‘आपल्याला हे जमणारच नाही,’ असे फिनिश लोक स्वतःच म्हणू लागले होते.

म्हणूनच लॉर्डीची निवड झाली तेव्हा देशात वाद पेटला. जगापुढे आपली ही ओळख जाणार का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. ग्रीसमध्येही काही गटांनी या बँडला सैतानपूजक ठरवून विरोध केला. गंमत म्हणजे सैतानाला हरलेला म्हणणारे ‘द डेव्हिल इज अ लूजर’ हे गाणे याच बँडने २००२ मध्ये काढले होते.

राक्षसांच्या मागचा माणूस

मिस्टर लॉर्डी म्हणजे टोमी पुटान्सू. आर्क्टिक वृत्ताजवळचे रोव्हानिएमी हे त्याचे गाव. जगभरातले पर्यटक या गावाला सांताक्लॉजचे गाव म्हणून ओळखतात. टोमीला लहानपणापासून दोन वेडे होती: भयपट आणि ‘किस’ हा अमेरिकन बँड. चेहरे रंगवून मंचावर आग ओकणाऱ्या ‘किस’ने त्याच्यावर खोल ठसा उमटवला.

१९९२ मध्ये त्याने एकट्यानेच ‘लॉर्डी’ सुरू केला. पहिला अल्बम ‘गेट हेवी’ यायला मात्र २००२ साल उजाडले. मधली दहा वर्षे त्याचा एकही अल्बम निघाला नव्हता.

बँडचे मुखवटे आणि पोशाख टोमी स्वतः लॅटेक्स आणि फोम वापरून बनवतो. अथेन्समध्ये त्याच्यासोबत गिटारवर आमेन ही ममी, बासवर बैलाच्या शिंगांचा ऑक्स, ड्रमवर परग्रहावरचा किता आणि कीबोर्डवर पिशाच्च सरदारीण आवा होती. नवा अल्बम आला की पोशाखही बदलतात. कुणी बँड सोडला तर त्याचे पात्रही संपते आणि नवा वादक नवा राक्षस होऊन येतो.

चेहरा भयंकर, पण संगीत?

लॉर्डीला बघून अनेकांना वाटते की हे एक्स्ट्रीम मेटल असणार. डेथ मेटल, ब्लॅक मेटल हे एक्स्ट्रीम मेटलचे प्रकार. त्यात ड्रम अतिशय वेगाने वाजतात आणि गायक गुरगुरतो किंवा किंचाळतो. शब्द सहसा कळत नाहीत. फिनलंडमध्ये अशा बँडची मोठी परंपरा आहे. ‘चिल्ड्रन ऑफ बोडम’ या प्रसिद्ध बँडने तर आपले नाव एस्पो शहरातल्या बोडम तलावावरून घेतले. १९६० मध्ये तिथे तंबूत झोपलेल्या तीन तरुणांची हत्या झाली होती.

लॉर्डीची भीती मात्र सिनेमातली आहे आणि संगीत ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकचे. टोमीचा आवाज खरखरीत, पण चाल सोपी आणि ध्रुवपद एकदा ऐकले की तोंडात बसणारे. ज्याने आयुष्यात कधी मेटल ऐकले नाही, त्यालाही ते सोबत गाता येते. मुखवट्यामुळे लोकांनी पाहिले आणि चालीमुळे मते दिली. फक्त मुखवट्याच्या जोरावर २९२ गुण मिळाले नसते.

चेहरा दाखवायचा नाही

विजयानंतर बँड हेलसिंकीला परतला. २६ मे २००६ रोजी तिथल्या बाजार चौकात सुमारे ८० हजार लोकांनी एकत्र हे गाणे गायले आणि सामूहिक कॅराओकेचा विश्वविक्रम झाला. रोव्हानिएमीतल्या एका चौकाला लॉर्डीचे नाव देण्यात आले. पुढच्या वर्षीची स्पर्धाही नियमाप्रमाणे हेलसिंकीत भरली.

याच दिवसांत एका फिनिश साप्ताहिकाने टोमीचा मुखवट्याविना फोटो छापला. मुखवट्यामागचा चेहरा प्रसिद्ध करू नये, अशी बँडची विनंती होती. वाचक भडकले, हजारो लोकांनी निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या आणि साप्ताहिकाला माफी मागावी लागली. निवडीच्या वेळी ज्या मुखवट्यांची लाज वाटत होती, तेच जपायला आता लोक उभे राहिले.

पुढे काय झाले?

२००८ मध्ये बँडने ‘डार्क फ्लोअर्स’ या भयपटात काम केले. अथेन्सइतके यश पुन्हा मिळाले नाही. एकेक करून जुने साथीदार गेले आणि मूळ बँडमधला एकटा टोमी उरला. महामारीत दौरे बंद पडले, तेव्हा त्याने २०२१ मध्ये ‘लॉर्डिव्हर्सिटी’ नावाने एकाच वेळी सात अल्बम काढले. प्रत्येकाची शैली वेगळी, जणू हा बँड सत्तरच्या दशकापासून गात आला आहे.

फिनलंड ४५ वर्षे युरोपला आवडेल असे काही पाठवायचा प्रयत्न करत होता. शेवटी जिंकला तो असा माणूस, ज्याने सोंग एकदा घेतले ते कधी उतरवले नाही.