पर्यावरण हा विषय शाळेत आला कसा

प्रदूषण, ओझोन, तापमानवाढ हे शब्द आज नववी-दहावीच्या पोरांना तोंडपाठ असतात. आपल्या आयांनी ते कधी ऐकलेही नव्हते. ते शाळेत कसे आले, ती हकिगत आज सांगतो.

१९७६ च्या घटनादुरुस्तीनं जंगलं, तळी, नद्या, वन्यप्राणी जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरलं. पण ते मुलांना शिकवायचं कोणी? वकील एम. सी. मेहता हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल लागला. शाळा-कॉलेजात पर्यावरण सक्तीचं करा, सिनेमागृहात त्याच्या स्लाइड दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर रोज पाच-सात मिनिटं त्यासाठी द्या. (त्यात रेडिओ होता, हे सांगायला आम्हाला आवडतं!) शाळा मात्र हलेनात. मेहता पुन्हा कोर्टात गेले. डिसेंबर २००३ मध्ये कोर्टानं एनसीईआरटीला अभ्यासक्रम तयार करायला सांगितलं आणि नंतर बजावलं, की तो सगळ्या राज्यांनी लागू करावा. म्हणजे बारा वर्षं गेली. पहिलीतलं पोर तेवढ्यात बारावी होतं.

विषय आला, तसे गुणही आले आणि प्रकल्पाची वही आली. वही एकीची, उतरवून घेणाऱ्या दहाजणी. पहाटे उठून चार हंडे आणणारी पोर 'पाणी जपून वापरा' यावर दहा ओळी लिहिते. कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते, शेळ्यांना कुठला पाला चालतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं, पण ते कुणी विचारत नाही. आम्हाला खटकतं ते हेच.

चिपकोचंच बघा. २६ मार्च १९७४, हिमालयातलं रेणी गाव. पुरुष माणसं नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेलेली. झाडं तोडणारे मजूर जंगलाकडे निघालेले पाहिले ते एका लहान मुलीनं. ती धावत गौरादेवींकडे गेली. गौरादेवी महिला मंगल दलाच्या प्रमुख. सत्तावीस बायका-मुली घेऊन त्या जंगलात गेल्या नि झाडांपुढे उभ्या राहिल्या. झाडं वाचली. धावत गेलेल्या त्या पोरीला जंगल म्हणजे काय हे कुठल्या प्रकल्पाच्या वहीनं शिकवलं नव्हतं. सरपण, चारा, पाणी तिथूनच घरी यायचं.

तर या आठवड्यात घरातल्या पोरापोरींना एवढंच विचारा: आपला ओढा कुठून येतो नि कुठे जाऊन मिळतो? उत्तर मिळालं तर कळवा. त्यांच्याच आवाजात ऐकवू.